कादंबरीचं पहिलं वाक्य पक्कं होईपर्यंत

माझी पहिली कादंबरी ऑगस्ट २०२५ मध्ये छापून आली. तेव्हापासून भेटेल तो दोनच प्रश्न विचारतो: प्रकाशक कसा मिळाला आणि पदरचे किती गेले? दोन्हींची उत्तरं खाली आहेत, तारखांसकट. पण या सगळ्यात जास्तीत जास्त वेळ खाल्ला तो पहिल्या वाक्यानं, आणि त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. त्यामुळे अर्ज, मुद्रांक आणि प्रुफं यांच्या अधूनमधून ते वाक्य येत राहील. चालवून घ्या.

कादंबरी एका चावीवाल्याच्या मुलीची आहे. मुंबईबाहेरच्यांसाठी सांगते. सात तलावांचं पाणी शहरात येतं, पण ते सगळीकडे चोवीस तास नसतं. विभाग ठरलेले, वेळा ठरलेल्या. पालिकेचा माणूस रस्त्यातलं झाकण उघडतो, लांब लोखंडी चावी आत घालून व्हॉल्व्ह फिरवतो, मग त्या गल्लीला पाणी येतं. तो चावीवाला. भांडुपला आमच्या शेजारी असे एक काका राहायचे. अपरात्री त्यांच्या दाराची कडी वाजली की आमच्याकडे कोणीतरी कूस बदलायचं. कादंबरीतले दादा, त्या मुलीचे वडील, म्हणजे ते काका नव्हेत, पण कडी त्यांचीच.

लिहायला बसले जून २०२२ मध्ये. बसले म्हणजे भांडुप ते सीएसएमटी, जागा मिळाली तर. फोनवर युनिकोडमध्ये टाइप करायचं, उतरण्याआधी स्वतःलाच मेल करायचा आणि रविवारी सगळे तुकडे एका फाइलीत आणायचे. पहिला खर्डा २०२३ च्या दिवाळीत संपला. त्याचं पहिलं वाक्य असं होतं:

‘पहाटेचे साडेतीन वाजले होते, आभाळ गच्च भरून आलं होतं आणि सारी वस्ती गाढ झोपेत असताना दादा मात्र खांद्यावर चावी टाकून निघाले होते.’

आईला वाचून दाखवलं. तिनं ऐकलं आणि विचारलं, “पाऊस येतो का गं पुढे?” मी म्हटलं, नाही. “मग आभाळ कशाला भरून आणलंस?”

उत्तर नव्हतं. नंतर वाचनात आलं की हा रोग जुना आणि आंतरराष्ट्रीय आहे. एडवर्ड बुलवर-लिटन या इंग्रज लेखकानं १८३० मध्ये एक कादंबरी काळोख्या वादळी रात्रीनं सुरू केली. ते वाक्य पुढे इतकं चेष्टेचं झालं की १९८२ मध्ये अमेरिकेतल्या सॅन होजे स्टेट विद्यापीठात त्याच्या नावानं वाईटात वाईट पहिल्या वाक्याची स्पर्धा सुरू झाली. मग एक उद्योग केला. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासूनचं आहे, शहरभर शाखा आहेत. ग्रंथपालांना विचारून कादंबऱ्यांच्या कपाटापाशी उभी राहिले आणि फक्त पहिली वाक्यं वहीत उतरवून घेतली. पहाट, तिन्हीसांजा, पाऊस, गाडी स्टेशनात शिरणं, आणि मधूनच कोणीतरी “अगं ऐकलंस का” म्हणत सुरू होणारे संवाद. उतरवताना हात आपोआप थांबायचा तो मात्र वेगळ्याच ठिकाणी: जिथे कोण बोलतंय ते कळायचं आणि का बोलतंय ते कळायचं नाही. ही वही कोणालाही करता येईल, एका रुपयाचाही खर्च नाही, आणि कार्यशाळेपेक्षा मला तिचा उपयोग जास्त झाला.

कार्यशाळाही केली म्हणा. जानेवारी २०२४, दादर, शनिवार-रविवार, फी १८०० रुपये, चहा-बिस्किटं धरून. तिथे सांगितलं गेलं की पहिल्या वाक्यात वाचकाची कॉलर धरा. मी धरली:

‘ज्या रात्री आमच्या वस्तीचं पाणी गेलं, त्याच रात्री दादांच्या खिशात दीड हजार रुपये सापडले.’

वर्गात टाळ्या पडल्या. घरी येताना मला तिसरंही सुचलं, जरा साहित्यिक:

‘दादांच्या हातात अख्ख्या वॉर्डाची चावी होती, पण आमच्या घरात नळ नव्हता.’

आता निवडायचं कसं? सुरुवातीच्या तीन पानांच्या झेरॉक्स काढल्या, पान दोन रुपये, प्रत्येक गठ्ठ्याला पहिलं वाक्य वेगळं. वर माझं नाव नाही, शीर्षक नाही. सकाळच्या लेडीज डब्यातल्या ग्रुपमध्ये, ऑफिसात आणि वाचनालयात रोज येणाऱ्या काही निवृत्त मंडळींना वाटल्या. ‘आवडलं का’ असं विचारायचं नाही हे मी आधीच ठरवलं होतं. आपल्याकडे त्याचं एकच उत्तर मिळतं, “छान लिहिलंय हो.” मी विचारायचे, “पुढे काय होईल असं वाटतं?”

दीड हजारवाल्या गठ्ठ्याला सगळीकडून एकच उत्तर आलं. लाच. बाप पकडला जाणार. माझ्या कादंबरीत ते पैसे भिशीचे निघतात, तेही तिसाव्या पानावर, जाता जाता. एका मैत्रिणीनं अख्खा खर्डा मागून वाचला आणि म्हणाली, “भिशीसाठी तू मला तीस पानं ताटकळत ठेवलंस?” तिचा राग रास्त होता. त्या वाक्यानं तिला रहस्यकथा देऊ केली होती, आणि हातात आली दाराआड जागणाऱ्या मुलीची गोष्ट. कॉलर धरून आत आणलेला माणूस आत काय आहे हे बघत नाही, आपल्याला कशाला आणलं ते शोधत राहतो.

नळवाल्या वाक्याची गंमत आणखी वेगळी. ते सगळ्यांना आवडलं. दोघींनी फोटो काढून घेतला. पण चौथं पान कोणी मागितलं नाही. वाचनालयातल्या एका निवृत्त शिक्षकांनी ते मोठ्यानं वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, “बाई, यात तुमची कादंबरी संपली की.” तेव्हापासून सुभाषितासारखं वाक्य सुरुवातीला दिसलं की मला धडकी भरते. जेन ऑस्टिन या इंग्रज लेखिकेनं १८१३ मध्ये अशाच एका सिद्धांतानं कादंबरी सुरू केली, की श्रीमंत सड्या पुरुषाला बायको हवी असणारच, हे जगन्मान्य सत्य आहे. पण तिचा स्वतःचा त्या सत्यावर काडीचा विश्वास नाही, हे वाचताक्षणी कळतं. आता ही बाई कोणाकोणाची फिरकी घेणार, म्हणून आपण पुढे जातो. माझ्या वाक्यावर माझा पूर्ण विश्वास होता, तिथेच ते बंद झालं.

उपयोगी पडला तो उलट मलाच विचारलेला एक प्रश्न. डब्यातली एक जण दादरला उतरता उतरता वळली आणि म्हणाली, “ए, त्या पोरीनं कडी लावली का गं शेवटी?” कडीचा उल्लेख तिसऱ्या पानावर, परिच्छेदाच्या मधोमध, मी फार विचार न करता लिहिलेला होता. त्या रात्री तेच वाक्य उचलून वर आणलं:

‘रात्री पाणी सोडायचं असलं की दादा मला उठवून म्हणायचे, कडी लावून घे.’

यात काहीच घडत नाही. तरी नव्या झेरॉक्स वाटल्यावर चौथं पान मागणारे निघाले. का, यावर मी बराच विचार केला. माझ्या मते कारण क्रियापदात आहे. ‘म्हणाले’ म्हटलं की गोष्ट घडून गेली. ‘म्हणायचे’ म्हटलं की रोजचा रिवाज झाला, आणि रिवाज सांगायला कोणी उगाच तोंड उघडत नाही. एका रात्री तो मोडला असणार, हे वाचक आपणहून धरून चालतो. मला ते सांगावंच लागत नाही. दुसरं, दादा ‘म्हणायचे’, ‘म्हणायचा’ नव्हे. ‘बाप म्हणायचा’ लिहिलं असतं तर मुलगी बापावर चिडलेली आहे हे पहिल्याच ओळीत कळलं असतं. आदरार्थी रूपानं तो निकाल लांबणीवर पडला. आणि तिसरं म्हणजे ‘मला’. मराठीत ‘मी उठायचे’ किंवा ‘मी उठायचो’ म्हटलं की बोलणारं कोण ते उघड होतं. ‘मला उठवून’ म्हटलं तर एका वाक्यापुरतं ते झाकलेलं राहतं. दुसऱ्या वाक्यात मुलगी आहे हे कळतं तेव्हा कडीचा अर्थ बदलतो. भालचंद्र नेमाड्यांची कादंबरी ‘कोसला’ १९६३ ची. ती नाव आणि वय सांगून सुरू होते, जणू सरकारी अर्ज. पण जिथे गरज नाही तिथे ‘उदाहरणार्थ’ येतो आणि हा माणूस कसा आहे ते तेवढ्यानं कळतं. प्रसंग नाही, धक्का नाही, बोलण्याची ढब आहे. ‘मला हुक सांग’, म्हणजे वाचकाला अडकवणारी सुरुवात सांग, म्हणणाऱ्या मित्रमंडळींना मी हल्ली एवढंच म्हणते, हुक राहू दे, बोलतंय कोण ते आधी ठरव.

आता कागदपत्रं.

प्रकाशकांकडे पाठवण्याआधी, मार्च २०२४ मध्ये, कॉपीराइटची नोंदणी केली. ती सक्तीची नाही. लिहिलं त्या क्षणी हक्क तुमचाच असतो. प्रमाणपत्र न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा म्हणून कामी येतं, इतकंच. कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर खातं उघडायचं, प्रपत्र १४ भरायचं, सोबतची दोन विवरणपत्रं भरायची, सहीचं स्कॅन आणि पीडीएफ चढवायची. साहित्यकृतीला शुल्क ५०० रुपये. पैसे भरल्यावर डायरी क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा, पुढचं सगळं त्यावर चालतं. मग ३० दिवस थांबायचं, कोणाचा आक्षेप येतो का ते पाहायला. त्यानंतर छाननी. माझं प्रमाणपत्र सप्टेंबरात आलं. शीर्षकाला कॉपीराइट नसतो आणि कल्पनेलाही नसतो, त्यामुळे ‘माझी कल्पना चोरतील’ या भीतीवर हे औषध नाही. अप्रकाशित म्हणून नोंदवलं असेल तर छापून आल्यावर तपशील बदलायला वेगळा अर्ज असतो. तो मी अजून केलेला नाही.

प्रकाशकांना एप्रिल २०२४ पासून पाठवायला लागले. एक पानाचं पत्र, दोन पानांचा सारांश, पहिली तीन प्रकरणं. काहींना पीडीएफ चालते, काहींना छापील प्रतच लागते. आधी फोन करून विचारा, नाहीतर स्पायरल बायंडिंगचे पैसे फुकट. आणि मग शांतता. पाऊस गेला, गणपती आले, गेले. एका ठिकाणी कादंबरी सध्या खपत नाही असं कळवलं, एका ठिकाणाहून काहीच आलं नाही. एकीकडून लगेच, दुसऱ्याच दिवशी, उत्साहानं होकार आला. पुढे ओळ होती की लेखकाचा सहभाग ६५,००० रुपये. स्वतःच्या पैशानं छापण्यात काही वाईट नाही, चांगली चांगली पुस्तकं तशी आली आहेत. फक्त ज्यानं तीन प्रकरणांवर एका रात्रीत दोनशे पानांना होकार दिला, त्यानं ती वाचलेलीच नाहीत एवढं लक्षात घ्यावं. मी नम्रपणे नाही म्हटलं. त्या दिवशी मात्र फार उदास वाटलं होतं. होकार आला म्हणून घरी पेढे आणायला निघाले होते.

नोव्हेंबरात आमच्या प्रकाशकांचा फोन आला. ते म्हणाले, “मी सहसा पहिलं पान वाचून ठेवून देतो. तुमचं पान उलटलं गेलं, मग म्हटलं बघू.” पहिल्या वाक्याचं याहून जास्त कौतुक मला कुठे ऐकायला मिळालेलं नाही, आणि खरं म्हणजे याहून जास्त त्या वाक्याचं कामही नसतं.

करार जानेवारी २०२५ मध्ये झाला, ५०० रुपयांच्या मुद्रांकावर. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात १०० आणि २०० च्या जागी ५०० चा लागतो, घाईत शोधाशोध नको म्हणून सांगून ठेवते. पाचशे प्रती, छापील किमतीवर दहा टक्के मानधन, लेखकाला पंधरा प्रती. सही करण्याआधी दोन गोष्टी पाहा. हक्क किती वर्षांसाठी दिले आणि कोणत्या प्रदेशासाठी दिले. कॉपीराइट कायद्यानुसार हस्तांतर लेखी लागतं. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. ई-पुस्तक, ऑडिओ, चित्रपट यांचा उल्लेख एका ओळीत ‘सर्व हक्क’ म्हणून गुंडाळलेला असेल तर तो सुटा करून मागा. माझ्या प्रकाशकांनी हसत हसत करून दिला. विचारण्याची लाज मलाच वाटत होती.

मग आली प्रुफं. युनिकोडमधून त्यांच्या छपाईच्या फॉन्टमध्ये मजकूर नेला की रफार सरकतात, जोडाक्षरं फुटतात, ‘ऱ्या’ तर हमखास मरतो. ‘दुसऱ्या’, ‘पायऱ्या’, ‘बिचाऱ्या’ असे शब्द शोधून शोधून तपासा. पण माझं भांडण झालं ते पहिल्या वाक्यावरच. मुद्रितशोधक अतिशय जाणते गृहस्थ, त्यांनी नियमाप्रमाणे वाक्य असं केलं:

‘रात्री पाणी सोडायचे असले की दादा मला उठवून म्हणायचे, कडी लावून घे.’

नियम त्यांच्या बाजूचा आहे. पात्राच्या तोंडची भाषा असेल तर उच्चाराप्रमाणे अनुस्वार, बाकी निवेदन एकारान्त, म्हणजे ‘सोडायचं’ऐवजी ‘सोडायचे’. मी म्हटलं, इथे निवेदनच पात्र करतंय. ते म्हणाले, मग दोनशे पानं अनुस्वार द्यावा लागेल, एकही सुटता कामा नये. मी वाक्य दोन्ही तऱ्हांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. एकारान्त केल्यावर ‘सोडायचे’ आणि ‘म्हणायचे’ यांची टक्कर होते. पहिला ‘चे’ पाण्याचा, दुसरा दादांच्या मानाचा, आणि कानाला दोन्ही सारखेच. शिवाय मुलगी बोलत नाही, निबंध लिहिते. ते थोडा वेळ गप्प बसले. मग लाल पेनानं स्वतःचीच दुरुस्ती खोडली आणि म्हणाले, “बरं. पण सुटलेला प्रत्येक अनुस्वार तुम्ही शोधायचा.” एप्रिल आणि मे त्यात गेले. डोळ्यांचा नंबर वाढला, हा खर्च मी हिशेबात धरलेला नाही.

पहिलं पान लावतानाही दोनदा फोन करावा लागला. ओळ अशी तुटत होती की ‘घे’ हा एकटा शब्द खाली पडत होता. समासाची रुंदी किंचित कमी करून तो वर घेतला. आणि एक आपल्याकडची रीत: अर्पणपत्रिका, ज्येष्ठांची प्रस्तावना, लेखकाचं मनोगत, ऋणनिर्देश, मग कुठे कादंबरी. प्रस्तावना लिहून द्यायला एक मोठे लेखक तयार होते. मी घाबरत घाबरत नको म्हटलं. प्रस्तावनेत कथानक येतं, आणि मग एका रात्री काय झालं ते वाचकाला आधीच ठाऊक असतं. ‘म्हणायचे’ कितीही जपलं तरी वाया. ऋणनिर्देश शेवटी टाकला. मनोगत लिहिलं होतं, ते काढलं.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, प्रकाशकांनी घेतला, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून. त्याला शुल्क नाही, कोणी तुमच्याकडे त्या नावाखाली पैसे मागितले तर विचारा कशाचे. छापल्यावर १९५४ च्या कायद्यानं कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना प्रती पाठवाव्या लागतात, ते कामही प्रकाशकांचं. स्वतः छापणार असाल तर ते तुमच्याकडे येतं. झेरॉक्स, बायंडिंग, टपाल, कार्यशाळा, नोंदणी आणि मुद्रांक मिळून माझे पदरचे सात हजारांच्या आत गेले. मानधनाचा पहिला हिशेब मार्चनंतर येणार आहे.

पुस्तक आल्यावर दादरला छबिलदासच्या गल्लीत आयडियल या पुस्तकांच्या दुकानात जाऊन उगाच उभी राहिले. गिऱ्हाईक पुस्तक कसं उचलतं ते पाहण्यासारखं असतं. आधी उलटं करतात, मलपृष्ठ वाचतात, किंमत बघतात, आणि त्यानंतर, जमलं तर, पहिलं पान. म्हणजे वाचकाला खेचायचं बरंचसं काम मलपृष्ठच करून टाकतं. आमच्या मलपृष्ठाचा मजकूर प्रकाशकांनी लिहिला. त्यांना माझ्या जुन्या खर्ड्यांमधलं एक वाक्य फार आवडलं होतं, त्यांनी विचारलं आणि मी आनंदानं हो म्हटलं. पहिलीच ओळ आहे: ज्या रात्री वस्तीचं पाणी गेलं, त्याच रात्री दादांच्या खिशात दीड हजार रुपये सापडले. भिशीबद्दल तक्रार करणाऱ्या मैत्रिणीला मी ती अजून दाखवलेली नाही.